आर३६एस: नवीन कार्डावर आर्कओएस टाकलं, आवाज येतो पण स्क्रीन काळी. शिवाय डी-पॅड, चार्जिंग आणि बॅटरी

जुना_खेळगडी यांचा प्रश्न

आर३६एस (जुने गेम खेळायचं हातातलं यंत्र) आहे, आरके३३२६ चिपवाला. सोबत आलेलं ६४ जीबीचं बिननावाचं कार्ड आता दगा देतंय: काही गेम उघडतात, काही पहिल्याच स्क्रीनवर अडकतात, कधीकधी मेनूपर्यंतही पोचत नाही. म्हणून ३२ जीबीचं चांगल्या कंपनीचं कार्ड आणून त्यावर आर्कओएसची (या यंत्रावर चालणारी लिनक्सवरची सिस्टिम) आर३६एससाठीची इमेज रूफस या प्रोग्रामने फ्लॅश केली, म्हणजे कार्डावर उतरवली. चालू केल्यावर स्क्रीनचा बॅकलाइट लागतो, चित्र मात्र काहीच नाही. दोन-तीन मिनिटांनी डी-पॅड (दिशांचं बटण) दाबला तर मेनूचा टिकटिक आवाज येतो. जुनं कार्ड घातलं की (चाललंच तर) चित्र व्यवस्थित.

विचारायचं असं:

१) हा इमेजचा दोष की पॅनेलचा? पुन्हा फ्लॅश करून काही होईल का?
२) एका कार्डावर सिस्टिम आणि दुसऱ्यावर गेम असं करायचं तर नेमकं कसं?
३) डावीकडे दाबलं की मधूनच तिरकं वर जातं. रबर बदलावं का?
४) फोनच्या सी-टू-सी चार्जरवर चार्जच होत नाही. साध्या जुन्या केबलवर होतो. पोर्ट खराब आहे का?
५) ३२०० एमएएचच्या जागी मोठी बॅटरी बसेल का? एका विक्रेत्याकडे त्याच आकारात ६००० एमएएच लिहिलेली दिसते.

सोल्डरिंग येतं, लिनक्सही थोडंफार येतं. सविस्तर लिहिलंत तरी चालेल.


पाचवी_पिन

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. पॅनेल शाबूत आहे, इमेजही शाबूत आहे. तुमची डीटीबी फाइल चुकली आहे.

आर३६एस हे नाव एक असलं तरी आत पॅनेल एकच नसतं. उत्पादकाला त्या आठवड्यात जे ६४० बाय ४८०चं साडेतीन इंची पॅनेल स्वस्त मिळालं ते बसवलेलं असतं. मंडळी त्यांना पॅनेल १, २, ३, ४ म्हणतात आणि चारचेही पुढे पोटप्रकार निघाले आहेत. प्रत्येक पॅनेलला चालू होताना वेगळ्या सूचना द्याव्या लागतात, सिग्नलच्या वेळाही वेगळ्या लागतात. ही माहिती कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) ज्या फाइलमधून मिळते ती डीटीबी, म्हणजे डिव्हाइस ट्री. डाउनलोड केलेल्या इमेजमध्ये कुठल्यातरी एका पॅनेलची डीटीबी असते. तुमचं पॅनेल दुसरं निघालं की सिस्टिम नीट चालू होते, आवाज येतो, पण पॅनेलला समजेल अशा भाषेत कुणी त्याच्याशी बोलतच नाही. त्यामुळे पुन्हा फ्लॅश केलंत तर तीच चुकीची फाइल पुन्हा येईल. शंभर वेळा करा, स्क्रीन काळीच.

उपाय पाच मिनिटांचा आहे. जुनं कार्ड कार्ड-रीडरमध्ये घाला. विंडोजला त्यातला बूट नावाचा छोटा विभाग दिसेल. बाकीच्या विभागांसाठी "फॉरमॅट करू का?" अशा खिडक्या एकामागून एक उघडतील. प्रत्येक वेळी रद्द करा. ते लिनक्सचे विभाग आहेत, विंडोजला वाचता येत नाहीत एवढंच. इथे सवयीने "हो" म्हणून कार्ड पुसून टाकणारे दर आठवड्याला एक-दोन तरी भेटतात.

बूट विभागातल्या डीटीबी विस्ताराच्या सगळ्या फाइली संगणकावर कॉपी करून ठेवा. मग नवीन कार्डाच्या बूट विभागात त्याच नावाच्या फाइलींवर त्या चढवा. खऱ्या आर३६एसमध्ये मुख्य फाइलीच्या नावात आरके३३२६ आणि आर३५एस हे दोन्ही शब्द असतात. आर३६एस असून फाइलीत आर३५एस का, असं वाटेल, पण ते बरोबर आहे: आधीच्या मॉडेलचं नाव तसंच राहिलं. नाव अक्षरशः जुळायला हवं, कारण बूट डॉट आयएनआय ही फाइल डीटीबीला नावाने हाक मारते. ब्राउझरने डाउनलोड करताना नावापुढे कंसात १ चिकटवला असेल तर तिला ती सापडणार नाही.

कार्ड सुरक्षित काढा, टीएफ१-ओएस लिहिलेल्या स्लॉटमध्ये घाला, चालू करा. चित्र यायला हवं.

जुनं कार्ड वाचताच येईना तर? तर डीटीबीच्या फाइलींचा लोकांनी जमवलेला संच आहे, त्यातून एकेक पॅनेलची फाइल घालून बघायची. आधी पॅनेल ४ची बघा, अलीकडच्या यंत्रांत तेच जास्त सापडतं. चुकीच्या डीटीबीने यंत्राचं नुकसान होत नाही. या यंत्रात अंतर्गत साठवण नाही, सिस्टिम सुरू करणारा बूटलोडरसुद्धा कार्डावरच असतो. त्यामुळे फर्मवेअर चुकून यंत्राची वीट होण्याची, म्हणजे ते कायमचं बंद पडण्याची, भीती इथे नाही. कार्ड काढलं की यंत्र पुन्हा कोरं.


कार्डघासू

पाचवी_पिन यांच्याशी सहमत, फक्त एक भर. डीटीबी घालण्यापूर्वी यंत्र नकली आहे का ते बघून घ्या. (नकलीची नक्कल, म्हणा. मूळ यंत्र तरी कुणाची सावली आहे!) जुन्या कार्डाच्या बूट विभागात आर३५एस नावाची डीटीबी नसून भलत्याच नावाची असेल, किंवा कार्डावर आर्कओएसऐवजी एम्यूएलेक ही दुसरी सिस्टिम निघाली, तर ते क्लोन समजा. क्लोनवर बटणांच्या जोडण्याही वेगळ्या असतात. नेहमीच्या इमेजमध्ये पॅनेलची डीटीबी घालून चित्र आलं तरी एखादं खांद्यावरचं बटण मुकं, किंवा जॉयस्टिक उलट्या दिशेने. क्लोनसाठी वेगळ्या इमेज आहेत, त्याच वापरा. शंका असेल तर कव्हर उघडून बोर्डवर छापलेली आवृत्ती आणि तारीख वाचा आणि इथे टाका.

लक्षणांवरून दोष ओळखायला हे पुरेल. बॅकलाइटच नाही, आवाजही नाही: बूटच होत नाही. कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये आहे किंवा फ्लॅश अर्धवट झालंय. बॅकलाइट आहे, आवाज आहे, चित्र नाही: डीटीबी. चित्र आहे पण सरकलेलं, पट्ट्या-पट्ट्यांचं किंवा रंग विचित्र: तीही डीटीबीच, जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या पॅनेलची. लोगो येतो आणि तिथेच तासभर: कार्ड खराब, किंवा पहिल्या बूटच्या वेळी घाईने बंद केलेलं.

पहिल्या बूटबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमची स्क्रीन काळी असताना तुम्ही ते नकळत तोडलं असण्याची शक्यता आहे. फ्लॅश केलेल्या कार्डावर सुरुवातीला सगळी जागा वापरात नसते. पहिल्यांदा चालू केल्यावर आर्कओएस शेवटचा विभाग कार्डाच्या टोकापर्यंत वाढवतं, त्याला एक्सफॅट (विंडोजलाही वाचता येणारी मांडणी) करतं आणि मधे स्वतःच रीस्टार्ट होतं. याला काही मिनिटं लागतात. त्या वेळात पॉवर तोडली तर मेनू येईल, पण ईझीरोम्स हा गेम ठेवायचा विभाग अर्धाच राहील किंवा दिसणारच नाही. म्हणून तुमच्या बाबतीत माझा सल्ला: पुन्हा एकदा स्वच्छ फ्लॅश करा, यंत्रात घालण्यापूर्वीच डीटीबी बदला, बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली ठेवा आणि चालू करून दहा मिनिटं त्याच्याकडे बघू नका.

फ्लॅश करताना एक्सझेड फाइल आधी सेव्हन-झिपने उघडून आयएमजी काढून घ्या. रूफस थेट एक्सझेडही लिहितं, पण डाउनलोड अर्धवट असेल तर ते उघडतानाच कळतं, हा फायदा. लिहून झाल्यावर पडताळणी हवी असेल तर बलेना एचर वापरा, तो लिहिलेलं परत वाचून बघतो.

कार्डांचं. नवीन कार्ड चांगल्या कंपनीचं असलं तरी ऑनलाइन बाजारात बनावट कार्डं भरपूर आहेत. वर १२८ छापलेलं असतं, आत ८ किंवा १६ असतात, आणि त्याच्या पुढे लिहिलेलं सगळं हवेत. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफ३ चालवा. पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघायला १२८ जीबीला दोन-तीन तास सहज जातील. जाऊ द्या. हे फ्लॅश करण्याआधी करायचं, गेम भरून झाल्यावर नाही.

आणि तुमचं मरायला टेकलेलं ६४ जीबीचं कार्ड: त्यातले सेव्ह हवे असतील तर त्यावर आता काहीही लिहू नका, दुरुस्तीची आज्ञाही देऊ नका. लिनक्सवर डीडीरेस्क्यूने आधी अख्ख्या कार्डाची इमेज काढा. ते आधी सोपा भाग वाचून घेतं आणि खराब सेक्टर शेवटी पुन्हा पुन्हा खरवडतं. मग त्या इमेजमधून एसआरएम विस्ताराच्या फाइली उचला. एसआरएम म्हणजे गेमने स्वतः केलेला सेव्ह, तो एम्युलेटरच्या (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या) जवळपास कुठल्याही आवृत्तीवर चालतो. सेव्ह-स्टेट (एम्युलेटरने त्या क्षणाची जपलेली स्थिती) मात्र त्याच कोअरच्या, म्हणजे त्या यंत्रापुरत्या एम्युलेटरच्या, जवळपास त्याच आवृत्तीवर उघडतात. नव्या इमेजमध्ये कोअर बदलला असेल तर जुना स्टेट उघडताना गेम कोसळू शकतो. त्यामुळे महत्त्वाच्या गेममध्ये नेहमी आतून सेव्ह करावं, स्टेट ही फक्त सोय.


पाचवी_पिन

दोन कार्डांचा प्रश्न राहिलाच. सिस्टिमला १६ जीबी पुरतं, ३२ असेल तर उत्तम. तुमचं ३२चं कार्ड टीएफ१मध्ये राहू द्या. गेमसाठी १२८ घ्या, संगणकावर एक्सफॅट करा (विभागांचा तक्ता एमबीआर ठेवा, जीपीटी नको) आणि रिकामंच टीएफ२मध्ये घाला. चालू करून ऑप्शन्समध्ये, त्यात अॅडव्हान्स्ड, त्यात गेमसाठी एसडी२ला जाण्याचा पर्याय आहे, तो निवडा. आर्कओएस स्वतःच दुसऱ्या कार्डावर सगळ्या यंत्रांचे (गेमबॉय, प्लेस्टेशन वगैरे) फोल्डर तयार करतं. मग कार्ड काढून त्या फोल्डरांत फाइली टाका. आधीच हाताने फोल्डर बनवून ठेवायला गेलं की नावातलं एखादं अक्षर चुकतं आणि ते यंत्र मेनूत दिसतच नाही.

याचा खरा फायदा पुढे कळतो. सिस्टिम बिघडली किंवा दुसरी कुठली फर्मवेअर बघायची असली, उदाहरणार्थ रॉकनिक्स, तर फक्त पहिलं कार्ड बदलायचं. गेम आणि सेव्ह जागच्या जागी.

मॅकवरून फाइली टाकणाऱ्यांसाठी: मॅक प्रत्येक फाइलीसोबत टिंब-अधोरेखाने सुरू होणारी एक लपलेली फाइल टाकतं. ती मेनूत भुतासारखी दुसरा गेम म्हणून दिसते आणि उघडत नाही. डॉट-क्लीन आज्ञा चालवून काढा.

प्लेस्टेशनच्या गेमचे बिन-क्यू फाइलींचे संच सीएचडी (एकच दाबलेली फाइल) करून घ्या. सीएचडीमॅन या साधनाला क्यू फाइल दाखवायची, बिन नाही. क्यूमध्ये गाण्यांच्या ट्रॅकची यादी असते, ती सुटली तर गेम चालतो पण संगीत गायब. अनेक डिस्कच्या गेमसाठी एम३यू नावाची साधी मजकूर फाइल करून तिच्यात एकेका ओळीवर एकेक सीएचडीचं नाव लिहायचं. प्लेस्टेशनचा बायोस (यंत्राचा स्वतःचा सुरुवातीचा प्रोग्राम) बरोबर ५१२ केबीचा असतो. तुमच्याकडची फाइल याहून लहान-मोठी असेल तर ती बायोस नाही.

बायोस आणि गेम दोन्हींवर स्वामित्वहक्क आहेत. यंत्रासोबत हजारो गेम भरून येणारं कार्ड म्हणजे परवानगी नव्हे. इथे त्याच्या लिंक मागू नयेत. स्वतःकडच्या कार्ट्रिज डंप करणं आणि हौशी लोकांनी नव्याने लिहिलेले गेम, यावर वेगळा धागा आहे.


सोल्डरधूर

डी-पॅड आणि चार्जिंग माझ्याकडे.

उघडण्याआधी दोन्ही कार्डं बाहेर काढा. हे वाक्य दोनदा वाचा. कार्ड आत असताना कव्हर उचललं की कार्ड तरी मोडतं नाहीतर स्लॉट बोर्डवरून उखडतो, आणि तो स्लॉट परत बसवणं बाकी सगळ्या कामांपेक्षा अवघड आहे. मग मागचे स्क्रू काढा, शिवण प्लॅस्टिकच्या पट्टीने किंवा गिटारच्या पिकने फिरवत उघडा. खांद्यावरची बटणं सुटी पडतात, त्यांचा आधी फोटो काढून ठेवा. पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. तारा ओढू नका, प्लॅस्टिकचं डोकं धरून दोन्ही बाजूंनी हलवत काढा.

रबर बदलायची गरज बहुधा नाही. डी-पॅडच्या रबराखाली चार काळ्या टिकल्या असतात आणि बोर्डवर त्यांच्यासमोर कंगव्यासारख्या एकमेकांत घुसलेल्या रेघा. टिकली टेकली की दोन रेघा जोडल्या जातात, झालं बटण. अधिकचिन्हाच्या आकाराचं बटण मधल्या टेकूवर डोलतं. टेकू बुटका असला किंवा रबर मऊ असलं की डावीकडे दाबताना अंगठा किंचित वर गेला तरी वरची टिकलीही टेकते. म्हणजे रोग संवेदनशीलता जास्त असण्याचा आहे, आणि नवीन कोरं रबर उलट आणखी मऊ लागू शकतं.

उपाय: कॅप्टॉन टेप, ती पिवळी-तपकिरी. दीड ते दोन मिलिमीटर रुंदीच्या चार पट्ट्या कापा. प्रत्येक संपर्काच्या ज्या कडा शेजारच्या दिशांकडे आहेत तिथे बोर्डवर एकेक पट्टी अशी लावा की कडेचा भाग झाकला जाईल आणि मधला उघडा राहील. आधी फक्त वर आणि खाली या दोन संपर्कांवर लावून बघा. डावी-उजवी चाल सरळ झाली की तिथेच थांबा. पूर्ण झाकलं तर दिशा मरते, दोन थर दिले तर दाबायला जोर लागतो आणि खरा तिरका (तो मारामारीच्या खेळांत हवाच असतो) लागेनासा होतो. साधी सेलोटेप वापरू नका. तिचा गोंद उन्हाळ्यात वितळून टिकलीला चिकटतो.

टेप लावण्याआधी बोर्डचे संपर्क ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सोनेरी संपर्क असतील तर पेन्सिलच्या खोडरबराने हलके घासलं तरी चालतं. काळ्या कार्बनचे असतील तर अजिबात घासू नका, तो थरच निघून जातो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बटणं अडखळायला लागली तर टेपच्या आधी हे पुसून बघा, बरेचदा तेवढ्यावरच भागतं.

आता सी-टू-सी. पोर्ट खराब नाही, अपुरा आहे. केबलच्या दोन्ही टोकांना टाइप-सी असताना चार्जर आपणहून ५ व्होल्ट सोडत नाही. समोरच्या यंत्राने सीसी१ आणि सीसी२ या पिनांवरून ग्राउंडला ५.१ किलोओहमचा रोधक दाखवला तरच तो वीज चालू करतो. स्वस्त यंत्रांत हे दोन रोधक वाचवलेले असतात. ए-टू-सी केबलमध्ये ए बाजूला ५ व्होल्ट कायमच असतात, म्हणून ती चालते.

बसवायचे असतील तर: ५.१ किलोओहमचे दोन रोधक, ०४०२ किंवा ०६०३ आकाराचे. एक ए५ पिनेपासून ग्राउंडला, दुसरा बी५ पिनेपासून ग्राउंडला. दोन वेगळे. दोन्ही पिना जोडून एकच रोधक लावायचा मोह टाळा. २०१९मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४च्या पहिल्या बोर्डांवर नेमकी हीच चूक होती, आणि आत चिप असलेल्या केबलींवर तो चालू होत नसे. चार्जिंगपुरत्या सॉकेटला सहा पिना असतात: दोन ग्राउंड, दोन व्हीबस (५ व्होल्ट येणाऱ्या) आणि दोन सीसी. मल्टिमीटरने ग्राउंड आणि व्हीबस ओळखा, उरलेल्या दोन त्या सीसी. त्या पॅडपर्यंत आलेल्याच नसतील तर ०.१ मिमीची एनॅमल तार थेट सॉकेटच्या पायाला लावावी लागते. सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंश, भरपूर फ्लक्स, एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही, नाहीतर सॉकेटमधलं प्लॅस्टिक वितळतं. झाल्यावर बॅटरी न जोडताच सीसी ते ग्राउंड मोजा. दोन्हींवर ५.१ आला आणि सीसी ते व्हीबस कंटिन्युइटी नाही, मगच पुढे.

खरं सांगायचं तर शंभर रुपयांच्या आत ए-टू-सी केबल मिळते. प्रवासात एकच चार्जर न्यायचा हट्ट असेल तरच हे करा.


कार्डघासू

सोल्डरधूर, एक शंका. फास्ट चार्जर लावला की ही यंत्रं जळतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मग रोधक बसवून ६५ वॉटचा चार्जर लावायला सांगणं धोक्याचं नाही का?


सोल्डरधूर

नाही. चार्जर कितीही वॉटचा असो, सुरुवात ५ व्होल्टांवरच करतो. ९ किंवा १२ व्होल्ट द्यायचे तर यंत्राने डेटाच्या तारांवरून किंवा सीसीवरून ते मागावे लागतात. या यंत्रात मागणारं कुणी नाही. नुसता ५.१ किलोओहम म्हणजे "५ व्होल्ट द्या" एवढंच. करंटही यंत्र ओढेल तितकाच जातो. जळण्याच्या कथांमागे बहुतेक वेळा खराब चार्जर असतो, नाहीतर चार्ज होताना तासन्‌तास खेळून तापवलेली बॅटरी. नावाजलेला चार्जर असेल तर वॉटकडे बघू नका. गल्लीतला बिननावाचा "फास्ट" असेल तर तो फोनलाही लावू नका.


तारेवरची_कसरत

बॅटरी.

६००० एमएएचवाली सोडून द्या. पाऊच (चपट्या पाकिटासारख्या) बॅटरीवरचा अंकसंच तिचं माप असतं: ६०६०९० म्हणजे ६.० मिमी जाड, ६० मिमी रुंद, ९० मिमी लांब. आकारमान झालं ३२.४ घन सेंटिमीटर. बाजारातल्या साध्या पाऊचमध्ये एका घन सेंटिमीटरला साधारण १२० ते १३० एमएएच मावतात. म्हणजे या मापात ४००० च्या आसपास. ६००० छापायला शाईच लागते फक्त. तुमच्या बॅटरीचं माप घ्या, हाच गुणाकार करा, विक्रेत्याचा आकडा तपासा. जाडी मोजताना अर्धा मिलिमीटर मोकळा सोडा. पाऊच वापराने थोडा फुगतो आणि कव्हर दाबून बसवलं तर तोच दाब स्क्रीनच्या पाठीवर येतो.

सुरक्षा सर्किट असलेलीच घ्या. पिवळ्या टेपखाली तारांच्या मुळाशी छोटी पट्टी असते, तीवर डीडब्ल्यू०१ची चिप आणि जोडीला ८२०५ असा मॉस्फेट बहुधा दिसतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेत असाल तर मल्टिमीटर सोबत न्या, दुकानातच मोजा. ३.७ ते ३.९ व्होल्ट ठीक. ३ च्या खाली असेल तर परत द्या, ती कितीतरी महिने पडून आहे.

सगळ्यात जास्त बोर्ड इथे मरतात: कनेक्टर हुबेहूब बसतो आणि ध्रुव उलटे असतात. त्या पांढऱ्या कनेक्टरमध्ये लाल कुठल्या बाजूला असावा याचा काही नियम नाही. जुनी आणि नवी शेजारी ठेवून, खाच एकाच दिशेला करून, दोन्ही मोजा. उलटी असेल तर कनेक्टरच्या प्लॅस्टिकची बारीक जीभ सुईने उचलून एक पिन बाहेर काढा, तिच्यावर टेप गुंडाळा, मगच दुसरी काढा आणि जागा बदलून बसवा. दोन्ही तारा कात्रीने एकदम कापू नका, कात्रीचं पातं शॉर्ट करतं. जुनी बॅटरी चिकटवलेली असते. धातूचं काही न घालता कडेने अल्कोहोलचे चार थेंब सोडा, दोन मिनिटांनी प्लॅस्टिकने उचला. फुगलेली असेल तर टोचू नका, वाळूच्या डब्यात ठेवून ई-कचऱ्याकडे द्या.

आता जे बहुतेक लोक करत नाहीत ते. मोठी बॅटरी घातल्यावर टक्केवारी चुकते: १५ टक्क्यांवर तासभर थांबते. कारण पॉवरचं काम बघणारी आरके८१७ ही चिप आत-बाहेर जाणारा करंट मोजते आणि एकूण क्षमता किती ते डीटीबीतून घेते. तिला अजून ३२०० च माहीत असतात. लिनक्सवर डिव्हाइस-ट्री-कंपायलर पॅकेज टाका, डीटीसीने तुमची डीटीबी मजकुरात उलगडा आणि बॅटरीचा भाग शोधा. तिथे डिझाइन कपॅसिटी असते. आकडा षोडशमान पद्धतीत दिसेल: ३२०० म्हणजे सी८०. ४००० साठी तिथे एफए० लिहा. शेजारी क्यूमॅक्स आहे, तो क्षमतेपेक्षा जितका जास्त होता त्याच प्रमाणात वाढवा. ओसीव्ही टेबल म्हणजे शून्य ते शंभर टक्के, दर पाच टक्क्यांना एक अशी २१ व्होल्टेजची यादी. बॅटरी त्याच जातीची असेल तर तिला हात लावू नका. चार्जिंग करंटच्या आकड्यालाही नाही. पुन्हा डीटीबी बांधा, त्याच नावाने बूट विभागात ठेवा (आधीची प्रत संगणकावर असू द्या), मग एकदा पूर्ण चार्ज करून पूर्ण उतरू द्या. त्यानंतर टक्के भरवशाचे होतात.


जुना_खेळगडी

डीटीबी बदलून चित्र आलं. जुन्या कार्डात आर३५एस नावाचीच फाइल होती, म्हणजे क्लोन नाही. वर-खाली दोनच पट्ट्या लावल्या, डी-पॅड सरळ. सी-टू-सीचा नाद सोडला.

एकच राहिलं: गेमबॉयच्या गेममध्ये पार्श्वभूमी सरकताना काही रेघा जाड आणि काही बारीक दिसतात. हीही डीटीबीच का?


पाचवी_पिन

नाही, हा साधा गुणाकार. गेमबॉयचं चित्र १६० बाय १४४. ते ४८० उंचीत पूर्ण ताणलं की ३.३३ पट होतं, म्हणजे दर तिसरी रेघ चार पिक्सेलची आणि बाकीच्या तीनच्या. रेट्रोआर्कच्या (गेम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) व्हिडिओ-स्केलिंगमध्ये इंटिजर स्केल चालू करा. तीन पट म्हणजे ४८० बाय ४३२, कडेला काळी पट्टी राहील पण रेघा सारख्या. गेमबॉय अॅडव्हान्स २४० बाय १६०चा आहे, तो दोन पटीवर ४८० बाय ३२० होतो आणि या स्क्रीनवर जरा लहानच वाटतो. तिथे इंटिजर बंद ठेवून कडा किंचित मऊ करणारा शेडर (चित्रावरचा फिल्टर) लावलेला बरा. प्लेस्टेशनचे ३२० बाय २४०चे गेम बरोबर दुप्पट बसतात, तिथे काहीच करायला नको.

बदल केल्यावर कोअर ओव्हरराइड म्हणून सेव्ह करा, नाहीतर तो सगळ्याच यंत्रांना लागू होईल.


कार्डघासू

आणि बंद करताना स्टार्ट दाबून मेनूतून शटडाउन करा. पॉवरचं बटण दाबून धरलं की वीज तुटते आणि एक्सफॅटवर लिहिणं अर्धवट राहतं. कधी तसं झालंच तर दोन्ही कार्डं संगणकात घालून ईझीरोम्स आणि गेमचं कार्ड यांवर चेकडिस्क चालवा. बूट आणि लिनक्सच्या विभागांना विंडोजकडून दुरुस्ती करायला लावू नका.